व्रत आणि वेठ

विद्यादान हा ज्याने आपला धर्म मानला आहे, त्याने ते विद्यादान स्वतःच्या वेतनासाठी, सेवेच्या शर्तींसाठी किंवा आपल्या सहकाऱ्यांच्या हक्कांसाठी काही काळ तहकूब करावे काय, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत आणि न्यायालयांच्या आवारात चर्चिला जातो. आणि तेथील वहिवाटीप्रमाणे त्याचा निकालही थकबाकीची रक्कम, परीक्षांची वेळापत्रके आणि सरकारी परिपत्रके यांच्या हिशोबानेच लागतो. वास्तविक हा प्रश्न मुळात धर्मविचाराचा आहे. संपावर गेलेल्या प्राध्यापकाला समाज जेव्हा दूषण देतो, तेव्हा तो त्याला कराराची आठवण करून देत नाही. तो त्याला व्रताची आठवण करून देतो. गिरणीकामगाराने यंत्र बंद केले तर नुकसान मोजले जाते, आणि शिक्षकाने खडू खाली ठेवला तर पाप मोजले जाते. या भेदामागे कोणती धर्मकल्पना उभी आहे आणि ती कितपत शास्त्रशुद्ध आहे, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रसंग आपल्या स्मरणातले आहेत. ४ फेब्रुवारी २०१३ पासून महाराष्ट्रातील विद्यापीठीय आणि महाविद्यालयीन अध्यापकांच्या महासंघाने, म्हणजे एमफुक्टोने, परीक्षांच्या कामकाजावर बहिष्कार घातला आणि तो १० मेपर्यंत चालला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी मिळावी, आणि १९९१ ते २००० या काळात नेट अथवा सेट ही पात्रता नसताना नेमल्या गेलेल्या अध्यापकांच्या सेवेचा प्रश्न एकदाचा निकालात निघावा, या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. सरकारने मेस्मा या अत्यावश्यक सेवांच्या कायद्याचा धाक दाखविला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि बहिष्कार संपल्यावर ७१ दिवसांचे वेतन रोखून धरण्यात आले. सप्टेंबर २०१८ च्या अखेरीस याच महासंघाने बेमुदत कामबंद आंदोलन पुकारले तेव्हा ते रोखलेले वेतन पुन्हा मागण्यांच्या यादीत होते. मात्र त्याच यादीत रिक्त जागा भराव्यात आणि कंत्राटी व तासिका तत्त्वावरील अध्यापकांना समान कामासाठी समान वेतन मिळावे, याही मागण्या होत्या. या दुसऱ्या प्रकारच्या मागण्यांकडे मला शेवटी परत यावयाचे आहे, कारण माझ्या मते संपाची धार्मिक कसोटी तेथेच आहे.

२०१८ च्या त्या पावसाळ्यात कोथरूडमधील डहाणूकर कॉलनीत तत्त्वज्ञानाच्या एका निवृत्त अध्यापकांच्या दिवाणखान्यात विद्यापीठातील काही विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबर माझ्यासारखी काही वयस्क मंडळी दर आठवड्यास जमून ‘गीतारहस्य’ वाचीत असत. टिळकांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ कर्मजिज्ञासेच्या प्रकरणात अर्जुनाबरोबर हॅम्लेट आणि कोरिओलेनस यांनाही उभे करतो. दोन कर्तव्ये परस्परांच्या आड आली असता शहाण्या माणसाचीही मती कशी गुंग होते, हे दाखविण्यासाठी. आमच्या मंडळातही नेमका तोच पेच येऊन बसला. मंडळातील विद्यार्थी बहुतांशी मराठवाड्यातून व विदर्भातून आलेले, पौड रस्त्याच्या गल्ल्यांत ‘कॉट बेसिस’वर राहणारे, खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे दरमहा ठरल्या तारखेस द्यावयाचे, आणि निकाल महिनाभर लांबला तर तो महिना घरच्या शेतीच्या उत्पन्नातून काढावयाचा, अशी त्यांची स्थिती. त्यांच्याच शेजारी बसणारा एक तरुण अध्यापक दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवीत असे. त्याच्या झोळीत पुस्तकांबरोबर एक लांबट वही असे, तिच्यात प्रत्येक तासिकेची तारीख, वर्ग, विषय आणि विभागप्रमुखाची सही, अशी नोंद तो काटेकोरपणे ठेवी, कारण त्या वहीवरूनच त्याचे बिल होई आणि ते बिल मंजूर होऊन पैसे हातात पडेपर्यंत कधी कधी सत्रच सरून जाई. संप करण्याचा हक्क कोणाला आहे याचा खल चालू असताना तो म्हणाला, “सर, मी संपात उतरलो काय आणि न उतरलो काय, माझी तासिका बुडाली की ती बुडालीच. आणि जूनमध्ये मला परत बोलावलंच पाहिजे असं कुठं आहे?”

मंडळाने संपकऱ्यांना पाठिंबा द्यावा असे ठरले, ते काही एकमताने ठरले नाही. पाठिंब्याचे पत्र लिहिणे आणि धरण्याच्या जागी जाऊन बसणे सोपे होते. पेच निराळाच निघाला. काही विद्यार्थ्यांनी सुचविले, की बुडालेला अभ्यासक्रम आपल्या मंडळातच पुरा करून घ्यावा. दिवाणखाना आहे, फळा आणता येईल, शिकवू शकणारी माणसेही आहेत. सूचना सद्हेतूची होती, आणि म्हणूनच तिचा विचार नीट करावा लागला. ज्याने काम थांबविले आहे त्याचे काम त्याच्या मित्राने विनामूल्य करून टाकले, तर तो मित्र संपाला साह्य करीत नसून सरकारच्या खजिन्याला साह्य करीत असतो. आणि अध्यापनासारखे काम फुकट होऊ शकते हा जो गैरसमज मुळात या भांडणाच्या बुडाशी आहे, त्यालाच तो पुष्टी देतो. अखेर असे ठरले, की संप चालू आहे तोवर परीक्षेला लागलेले काहीही मंडळात वाचावयाचे नाही आणि परीक्षेला न लागलेले भरपूर वाचावयाचे. ज्ञानाची वाट खुली राहिली, पण तिच्यावरून पगारी कामाची वाहतूक होऊ द्यावयाची नाही, असा हा निर्णय होता. आणि त्या निमित्ताने आम्ही जे वाचले, त्यानेच पुढील विचारास दिशा मिळाली.

संपाच्या विरोधकांचा पहिला आधार म्हणजे ज्ञानविक्रयाचा निषेध. आपल्या परंपरेत हा निषेध खरोखरच तीव्र आहे. वेतन घेऊन वेद शिकविणाऱ्या भृतकाध्यापकास मनुस्मृतीने श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले आहे, आणि ज्याची विद्या केवळ पोटासाठी आहे तो ज्ञान विकणारा वाणी होय, असे उद्गार कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त येतात. परंतु हे उद्गार कोणाच्या तोंडी आहेत? ते गणदासाच्या तोंडी आहेत, आणि गणदास हा अग्निमित्राच्या राजवाड्यातील वेतनधारी नाट्याचार्य आहे. प्रसंगही मार्मिक आहे: दोन आचार्यांची झुंज लागावी म्हणून विदूषक त्यांना एडक्यांची उपमा देतो, आणि यांना फुकट वेतन कशासाठी द्यावयाचे, असे राजासमक्ष विचारतो. ज्ञान विक्रेय नाही हा ताठा जो बाळगतो त्याला वेतन आहे, आणि ते वेतन काढून घ्यावे असे जो सुचवितो तो विदूषक आहे, ही कालिदासाने मांडलेली रचना आपल्या अग्रलेखकारांच्या दृष्टीस क्वचितच पडते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ज्या स्मृतीने अध्यापकावर निर्लोभतेचे बंधन घातले, तिनेच राजावर त्याचे प्रतिबंधन घातले आहे. राजाने श्रोत्रियाकडून, म्हणजे वेद जाणणाऱ्या ब्राह्मणाकडून, कर घेऊ नये, त्याच्या उपजीविकेची व्यवस्था लावून द्यावी, आणि ज्याच्या राज्यात श्रोत्रिय भुकेने कष्टी होतो ते राज्यही लवकरच दुष्काळाने पीडित होते, असे मनूचे सांगणे आहे. म्हणजे ज्ञान न विकण्याचा धर्म हा एका जोडव्यवहाराचा अर्धा भाग होता. दुसरा अर्धा वतन, इनाम, अग्रहार आणि दक्षिणा या रूपांनी राजसत्तेच्या दप्तरात नोंदलेला असे. पुण्यात पेशव्यांची श्रावणातील दक्षिणा याच भावनेने वाटली जाई. ती व्यवस्था ब्राह्मणांपुरतीच होती आणि बहुजनांच्या कष्टाच्या वसुलावर चालत होती, हा जोतीराव फुले यांनी घेतलेला आक्षेप अगदी यथार्थ आहे, आणि ती व्यवस्था परत यावी असे कोणीही सुज्ञ मनुष्य म्हणणार नाही. मात्र त्या व्यवस्थेतील अध्यापकाच्या वाट्याचा त्याग तेवढा आजही उद्धृत करावयाचा आणि राजाच्या वाट्याचे दायित्व विसरून जावयाचे, ही शास्त्राची अर्धी पोथी वाचण्यासारखी लबाडी आहे.

दुसरा आधार अधिक जवळचा आणि अधिक आदरणीय आहे. पुण्याच्या शिक्षणसंस्था त्यागावर उभ्या राहिल्या, हा तो आधार. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. आजीव सभासदांनी वीस वर्षे सेवेचे वचन द्यावयाचे आणि दरमहा पंचाहत्तर रुपयांत निर्वाह करावयाचा, हा त्या संस्थेचा दंडक. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी तो पाळला. या पंचाहत्तर रुपयांची आठवण काढून आजच्या प्राध्यापकास लाजविणे हा आपल्याकडील एक रूढ संप्रदाय आहे. पण तो दंडक ज्या परिस्थितीत निर्माण झाला, ती नीट पाहिली म्हणजे त्या आठवणीचा अर्थ उलटा निघतो. पंचाहत्तर रुपये घेणारे तेच त्या संस्थेचे चालकही होते. किती घ्यावयाचे, किती सोडावयाचे, बाहेरचे उत्पन्न संस्थेत जमा करावयाचे की नाही, हे ठरविणारे आणि सोसणारे एकच होते. आणि त्या ठरावावरून त्यांच्यात जे वाद झाले ते इतके कडाक्याचे होते, की १८९० मध्ये टिळकांनी स्वतः राजीनामा देऊन संस्था सोडली. सभासदाने आपले सर्व लक्ष आणि सर्व मिळकत संस्थेलाच द्यावी हा त्यांचा आग्रह होता. तो इतरांना मान्य झाला नाही तेव्हा त्यांनी काम थांबविले आणि बाहेर पडले. त्यागाच्या तत्त्वासाठीसुद्धा काम सोडावे लागते, हे ‘गीतारहस्या’च्या कर्त्याने ग्रंथ लिहिण्यापूर्वी वीस वर्षे आचरणाने दाखवून ठेवले होते.

टिळकांच्या जाण्याने रिकाम्या झालेल्या गणिताच्या जागेवर १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे आले. आणि ज्या रस्त्याने आपण कोथरूडला येतो त्याला आज त्यांचेच नाव आहे. फर्ग्युसनमधले अध्यापन आटोपून हिंगण्याच्या माळावरील आपल्या आश्रमाच्या झोपडीपर्यंत चिखल तुडवीत चालत जाणारे अण्णा हे या परिसराचे जणू कुलदैवत होय. त्यांनी १९०८ मध्ये निष्काम कर्म मठ स्थापन केला. मठात येणाऱ्याने आपले आयुष्य संस्थेला वाहावयाचे, आणि त्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या योगक्षेमाची व्यवस्था मठाने पाहावयाची, अशी ती योजना होती. निष्काम कर्माचे नाव धारण करणाऱ्या संस्थेनेसुद्धा सेवकाच्या चरितार्थाचे कलम वगळले नव्हते. फलाची आसक्ती सोडणे आणि चूल बंद ठेवणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्या व्यवहारदक्ष गणितज्ञाला सांगावे लागले नाही.

येथून जो सिद्धान्त निघतो तो मी स्पष्ट मांडतो. निष्कामता ही मनुष्य स्वतःकडून मागू शकतो. ती दुसऱ्याकडून वसूल करता येत नाही. स्वतः पत्करलेला, सहकाऱ्यांनी मिळून ठरविलेला आणि ज्याच्या अटी बदलण्याचा अधिकार त्याग करणाऱ्याच्याच हाती आहे, असा त्याग म्हणजे व्रत. तोच त्याग दुसऱ्याने ठरविला, दुसऱ्याने त्याची मुदत वाढविली आणि सोसणाऱ्याच्या तक्रारीस अधर्म ठरविले, की त्याची वेठ होते. आजचा तासिका तत्त्वावरील अध्यापक गोखल्यांइतकाच अल्प मोबदल्यात राबत असेल. पण गोखले ज्या सभेत बसून तो मोबदला ठरवीत, त्या सभेच्या दारापर्यंतही याला मज्जाव आहे. त्याची गणना व्रतस्थांत करून त्याचा गौरव करणे म्हणजे वेठबिगाऱ्याला साधू म्हणून हार घालणे होय.

कायद्यालाही हा पेच सुटलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बंगलोर वॉटर सप्लाय प्रकरणात ‘उद्योग’ या संज्ञेची व्याप्ती वाढविली तेव्हा शिक्षणसंस्थाही तिच्यात आल्या. आणि १९८८ मध्ये गोव्यातील एका शाळेच्या शिक्षिकेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने ठरविले, की शाळा हा उद्योग असला तरी शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हे, कारण अध्यापन हे उदात्त स्वरूपाचे कार्य आहे. न्यायमूर्तींचा आदरभाव खरा होता यात शंका नाही. परंतु परिणाम असा झाला, की संस्थेला उद्योगाचे स्थान मिळाले, शिक्षकाला पूज्यतेचे मिळाले, आणि बडतर्फ झालेल्या पूज्य व्यक्तीने दाद कोठे मागावी हा प्रश्न शिल्लक राहिला. भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत विद्यार्थ्याने कुदळ हाती धरण्यात कमीपणा मानला गेला नाही. मग अध्यापकाला श्रमिक म्हटल्याने विद्येचे तेज कमी होते, ही भीती कोणी आणि कशासाठी जोपासली?

आता सर्वांत बिकट आक्षेप. भांडण अध्यापक आणि शासन यांचे; शिक्षा मात्र तिसऱ्याला, म्हणजे विद्यार्थ्याला. लोकसंग्रहासाठी कर्म करावे असे गीता सांगते. मग ज्या अकर्माने निरपराध लोकांचा निकाल, नोकरीचा अर्ज, वर्षभराची मेहनत अडून पडते, ते लोकसंग्रहात कसे बसावे? या आक्षेपाला उडवून लावणारे संपाचे समर्थक मला कधीच पटले नाहीत. पौड रस्त्यावरच्या खोलीत निकालाची वाट पाहणाऱ्या मुलाचा महिना हा कोणत्याही सिद्धान्ताने भरून निघत नाही. परंतु गीतेनेच कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म पाहावयास शिकविले आहे, आणि १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात साने गुरुजींनी उतरून घेतलेल्या विनोबांच्या प्रवचनांत बाह्य क्रियेला आतील भावनेची जोड मिळाल्याखेरीज तिचे स्वरूप ठरत नाही, हे वारंवार येते. रिकाम्या जागांमुळे वर्षानुवर्षे न झालेले तास, जूनपासून सप्टेंबरपर्यंत अध्यापकच न मिळालेले वर्ग, हीही अकर्मेच आहेत. फक्त त्यांच्यावर कोणी संप असा फलक लावीत नाही. २०१३ च्या बहिष्कारात एक विवेक दिसला होता: अध्यापन चालू होते आणि परीक्षेचे काम थांबले होते. ज्ञान अडविले गेले नाही, ज्ञानाचा दाखला अडविला गेला. दाखल्यासाठी समाजाने जेवढा आकांत केला तेवढा न झालेल्या तासांसाठी कधी केला नव्हता, हेही त्या निमित्ताने उघड झाले.

धर्माने नकाराला स्थान दिले आहे काय, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर मला बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षुसंघाच्या नियमांत, सापडते. आणि धर्मानंद कोसंबींनी जेथे पाली शिकविली त्या पुण्यात ते माहीत असावयास हवे. विनयाच्या चुल्लवग्ग या भागात वड्ढ नावाच्या लिच्छवीची कथा आहे. काही द्वेषी भिक्षूंच्या चिथावणीने त्याने दब्ब मल्लपुत्र या निर्दोष भिक्षूवर खोटा आळ घेतला. तेव्हा भगवान बुद्धांनी संघाला त्याच्यासमोर पात्र उपडे करण्याची, म्हणजे त्याच्याकडून भिक्षा न स्वीकारण्याची अनुज्ञा दिली. आनंदाने ही वार्ता सांगताच वड्ढ मूर्च्छित होऊन पडला. पुढे त्याने अपराधाची कबुली दिली आणि संघाने पात्र पुन्हा सुलटे केले. ज्यांनी सर्वस्वाचा त्याग केला होता, ज्यांच्याजवळ भिक्षापात्राखेरीज काही नव्हते, त्यांच्याही हाती नकाराचे हे शस्त्र शास्त्याने ठेवले. कारण ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला नैतिक मूल्य उरत नाही. शिवाय या विधीला मर्यादा आहेत. तो एकट्यादुकट्याने रागाच्या भरात करावयाचा नाही, संघाने रीतसर ठराव करून करावयाचा. तो कोणत्या अपराधांसाठी करता येतो ते मोजून दिलेले आहे, आणि भिक्षूंना अलाभ व्हावा, त्यांना राहण्यास थारा मिळू नये म्हणून जो खटपट करतो, तो त्या यादीत आहे. आणि पात्र सुलटे करण्याची रीतही त्याच ठिकाणी सांगितलेली आहे, म्हणजे उपड्या पात्राचा हेतू समेट हाच आहे.

या कसोटीवर प्राध्यापकांचा संप उतरतो काय? रीतसर ठरावाने झाला, मागण्या जाहीर होत्या, समेटाची वाट मोकळी होती. येथवर तो उतरतो. परंतु निष्कामतेची कसोटी याहून कठोर आहे, आणि ती संपकऱ्याने शासनाच्या नव्हे तर स्वतःच्या दारात उभे राहून लावावयाची आहे. ज्याची नोकरी कायम आहे, ज्याचे रोखलेले वेतन आज ना उद्या न्यायालयातून का होईना मिळण्याची आशा आहे, त्याने स्वतःच्या थकबाकीसाठी केलेला संप न्याय्य असतो. तो धर्म्य होतो तो मात्र झोळीत तासिकांची वही घेऊन फिरणाऱ्या त्या तरुणासाठी, ज्याला संप करण्याचीही ऐपत नाही, त्याने आपले वेतन पणाला लावले म्हणजे. २०१८ च्या यादीत ती मागणी होती, हे त्या आंदोलनाचे मोठेपण. त्यानंतर शासनाने रिक्त जागांपैकी ४० टक्के भरण्यास मुभा दिली; उरलेल्या जागांचे काय, आणि त्या भरेपर्यंत त्या जागांवर राबणाऱ्यांचे काय, हा प्रश्न कायम अध्यापकांचे देणे झाल्यावरही तितक्याच जोराने विचारला जातो की नाही, यावरून त्यांच्या निष्कामतेचा निर्णय करावा.

आणि पाठिंबा देणाऱ्या वाचकांचा, विद्यार्थ्यांचा धर्म कोणता? शिक्षकाच्या त्यागाची स्तुती ऐकली, की स्तुती करणारा त्या त्यागात किती भागीदार आहे, एवढे विचारावे. आणि तो भागीदार नसेल तर स्तुती नामंजूर करून हिशोब मागावा.